एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि सामाईक गोष्टींचा कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलिनॉर ऑस्ट्रॉम हे नाव बहुतेकांच्या कानावर पडतं ते ‘अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली पहिली महिला’ म्हणून. ते खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर त्यांचं काम हातातून निसटतं. त्या राज्यशास्त्रज्ञ होत्या. भूजल, कालवे, जंगलं, मासेमारी, पोलीस, हवामान असे एकमेकांत गुंतलेले प्रश्न माणसं मिळून कसे हाताळतात आणि कुठे हरतात, हे पाहण्यात त्यांची जवळजवळ पन्नास वर्षं गेली. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, धोरणाच्या क्षेत्रात काम करणारे आणि निव्वळ कुतूहलाने वाचणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती आटोपती घेतली तर चुकीची होतील.

त्या नेमका कशाचा अभ्यास करत होत्या?

एका भूजलसाठ्यावर शेकडो विहिरी आहेत असं समजा. एकाने जास्त उपसलं की दुसऱ्याला कमी पडतं, आणि कुणाला उपसण्यापासून अडवणंही सोपं नाही. समुद्रातले मासे, गायरान, कालव्याचं पाणी, जंगलातलं सरपण, सगळ्यांची हीच गत. अशा सामाईक साठ्यांचा कारभार कोण करतं, नियम कसे ठरतात, ते कोण पाळतं, मोडले तर काय होतं, हा ऑस्ट्रॉमबाईंचा मुख्य विषय.

‘कारभार’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. शासन म्हटलं की डोळ्यांसमोर सरकार येतं. त्यांना मात्र सरकारपेक्षा मोठी गोष्ट पाहायची होती: गावाची बैठक, सहकारी संस्था, न्यायालय, पाणीवाटप समिती, नगरपालिका, हे सगळे मिळून जो व्यवहार चालतो तो. त्यांच्या लिखाणात ‘संस्था’ या शब्दाचा अर्थही इमारत किंवा कार्यालय असा नसतो. माणसं प्रत्यक्षात जे नियम वापरतात ती संस्था. कागदावरचे नियम आणि वापरातले नियम यांत फरक असू शकतो, आणि हा फरक टिपणं हेच अभ्यासकाचं पहिलं काम, असं त्या मानत.

मग त्या अर्थशास्त्राकडे का गेल्या नाहीत?

जायचं होतं. प्रवेश मिळाला नाही.

त्यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३३चा, लॉस एंजेलिसमधला. मंदीचा काळ, घरची ओढगस्त. शाळेत बीजगणित आणि भूमितीत अव्वल गुण नसलेल्या मुलींना त्रिकोणमिती घेऊ देत नसत, म्हणून ती राहून गेली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून त्यांनी कामं करत, स्वतःचा खर्च भागवत १९५४ साली राज्यशास्त्राची पदवी घेतली. नोकरीसाठी गेल्या की विचारणा व्हायची ती टंकलेखन आणि लघुलिपीची. काही वर्षं नोकरी केल्यावर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा अर्थशास्त्र विभागाने गणिताची बाजू कच्ची म्हणून नकार दिला.

राज्यशास्त्र विभागाने घेतलं, पण तिथेही कुरकुर होतीच. चाळीस जणांच्या तुकडीत चार महिला होत्या, आणि त्यांना प्रवेशाबरोबर विद्यावेतनही दिलं म्हणून विभागातल्या प्राध्यापकांमध्ये वादावादी झाली.

ज्या गणिताच्या नावाखाली दार बंद झालं, त्याच गणिताकडे त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर परत आल्या. १९८१-८२चं शैक्षणिक वर्ष त्यांनी जर्मनीतल्या बीलेफेल्ड इथे काढलं. तिथे गेम थिअरीतले (एकमेकांवर अवलंबून असलेले निर्णय माणसं कसे घेतात, याचं गणिती शास्त्र) मोठे अभ्यासक राइनहार्ट झेल्टेन यांच्या सहवासात त्यांनी हे शास्त्र आपल्या क्षेत्रकार्याला जोडून घेतलं. त्यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत जास्त भावणारा टप्पा हाच. शाळेत हुकलेला विषय त्या वयात, नामवंत प्राध्यापक असताना, पुन्हा पाटी कोरी करून शिकायला बसणं सोपं नसतं.

पीएच.डी. कशावर केली?

विन्सेंट ऑस्ट्रॉम हे तेव्हा त्याच विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्या चर्चासत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला दक्षिण कॅलिफोर्नियातलं एकेक भूजलक्षेत्र वाटून दिलं होतं. एलिनॉर यांच्या वाट्याला ‘वेस्ट बेसिन’ आलं. पुढे १९६३ साली दोघांचं लग्न झालं.

वेस्ट बेसिन लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यालगत आहे. शहरं, पाणी कंपन्या, कारखाने, सगळे एकाच साठ्यातून उपसत होते. जमिनीखालची पातळी समुद्रसपाटीच्या खाली गेली आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. किनाऱ्याजवळच्या विहिरी एकामागून एक निकामी झाल्या. ‘मी कमी उपसलं तर शेजारी जास्त उपसेल’ ही भीती प्रत्येकाला होती.

१९४५ साली प्रकरण न्यायालयात गेलं. १९४६ साली उपसा करणाऱ्यांनी आपली संघटना उभी केली, तिथे आकडे उघडपणे मांडले जाऊ लागले. १९५५मध्ये उपसा घटवण्याचा तात्पुरता करार झाला आणि १९६१मध्ये अंतिम निवाडा लागला. किनाऱ्याच्या रेषेत विहिरी खणून त्यातून गोडं पाणी जमिनीत सोडलं जाऊ लागलं, म्हणजे खाऱ्या पाण्यासमोर गोड्या पाण्याचीच भिंत. न्यायालयाने नेमलेली यंत्रणा कोण किती उपसतं याचा अहवाल दरवर्षी काढू लागली, त्यामुळे शेजाऱ्याबद्दलचा संशय ऐकीव माहितीवर उरला नाही.

यात एकच कुणी ‘मालक’ नव्हता. न्यायालय, पाणी वापरणाऱ्यांची संघटना, जिल्हा पातळीची पूरनियंत्रण यंत्रणा, लांबून पाणी आणणारी पाणीपुरवठा संस्था, सगळ्यांचे हात लागले. १९६५ साली प्रबंध पूर्ण झाला तेव्हा आपण ‘सामाईक साठ्या’चा अभ्यास करतो आहोत हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. तो शब्दप्रयोग त्यांच्या वाटेत नंतर आला.

इंडियाना विद्यापीठातली नोकरी नवऱ्यामुळे मिळाली का?

१९६५ साली विन्सेंट यांना ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं आणि एलिनॉर त्यांच्याबरोबर गेल्या, हे खरं. त्यांच्यासाठी जागा नव्हती. काही काळाने विभागाला अमेरिकन शासनव्यवस्था हा विषय मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसातला शिकवायला माणूस हवा होता. कुणी घेईना असा तो तास त्यांनी घेतला आणि अभ्यागत सहायक प्राध्यापक म्हणून आत आल्या. १९७४मध्ये पूर्ण प्राध्यापक, १९८० ते ८४ विभागप्रमुख. बाकीचं त्यांच्या कामाने मिळवलं.

पोलिसांवरचा अभ्यास कशाला? पाण्याशी त्याचा काय संबंध?

वरवर काही नाही. आतून बराच.

१९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत असा सूर होता की महानगरांच्या आसपास छोट्या छोट्या नगरपालिका, छोटी पोलीस ठाणी यांचा नुसता गोंधळ आहे. सगळं एकत्र करून एक मोठी यंत्रणा उभारली की सेवा सुधारेल. विन्सेंट ऑस्ट्रॉम, चार्ल्स टीबो आणि रॉबर्ट वॉरन यांनी १९६१च्या एका लेखात याला आव्हान दिलं होतं. निर्णयाची अनेक केंद्रं असणं म्हणजे आपोआप गोंधळ असं मानू नका, तपासून पाहा, असं त्यांचं म्हणणं. या रचनेला त्यांनी ‘बहुकेंद्री’ म्हटलं. वेस्ट बेसिनच्या पाण्याचा कारभारही असाच अनेक हातांनी चालला होता.

एलिनॉर यांनी खरोखर तपासून पाहिलं. इंडियानापोलिसजवळच्या स्पीडवे, बीच ग्रोव्ह आणि लॉरेन्स या छोट्या गावांमधल्या वस्त्या आणि त्यांच्याच शेजारच्या, तशाच स्वरूपाच्या पण शहराच्या मोठ्या पोलीस दलाखाली येणाऱ्या वस्त्या यांची तुलना केली. विद्यार्थी घरोघरी गेले आणि लोकांना विचारलं: बोलावल्यावर पोलीस किती लवकर आले, तक्रारीचं पुढे काय झालं, समाधान आहे का? पुढे शिकागो, सेंट लुईस आणि इतर महानगरांपर्यंत काम वाढलं. शिकागोतला भाग विशेष महत्त्वाचा आहे. तिथे गरीब कृष्णवर्णीय वस्तीच्या दोन छोट्या गावांची तुलना शहरातल्या तशाच वस्त्यांशी केली. गावांकडे पैसा फारच कमी, तरी सेवा शहराच्या तोडीची.

गस्त घालणं, हाकेला धावून येणं या कामांत मोठ्या दलाने सरसकट बाजी मारल्याचं त्यांना वर्षानुवर्षं कुठेच आढळलं नाही. मात्र गुन्हे-तपासाच्या प्रयोगशाळेसारख्या कामात मोठ्या यंत्रणेचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे ‘छोटं ते चांगलं’ असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. कोणतं काम कोणत्या आकाराला जमतं, हे कामानुसार ठरतं.

याच अभ्यासातून ‘सहनिर्मिती’ची कल्पना पुढे आली. सुरक्षितता एकटे पोलीस तयार करत नाहीत. रस्त्यावर लक्ष ठेवणारे, माहिती देणारे, साक्षीला उभे राहणारे नागरिक नसतील तर गस्त वाढवून उपयोग नाही. शिक्षण आणि आरोग्यालाही हे लागू आहे.

‘सामाईकाची शोकांतिका’ त्यांनी खोटी ठरवली का?

इथे शब्द जपून वापरायला हवेत.

१९६८ साली जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचा निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आला. मोकळं कुरण आहे, प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत विभागलेलं. शेवटी कुरण संपतं. यावर दोनच उपाय लोकांनी उचलले: सरकारच्या ताब्यात द्या, नाही तर खासगी मालकीत वाटून टाका. पुढची कित्येक वर्षं जगभरची धोरणं या दोन खुंट्यांना बांधली गेली.

ऑस्ट्रॉमबाईंनी असं म्हटलं नाही की शोकांतिका घडत नाही. माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, नियम करू शकत नाहीत, बाहेरून कुणीही आत घुसू शकतो, अशा ठिकाणी हार्डिन यांचं चित्र बरोबर उतरतं. पण ते सगळीकडचं चित्र नव्हे. हार्डिन ज्याला सामाईक म्हणत होते ते खरं तर बेवारस कुरण होतं. पुढे १९९४मध्ये हार्डिन यांनी स्वतःच ‘व्यवस्थापन नसलेलं सामाईक’ अशी दुरुस्ती केली.

त्यांचा पुरावा प्रत्यक्षातला होता. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या गावाने १४८३मध्ये सामाईक कुरणं आणि जंगलाचे नियम लिहून सह्या केल्या. १५१७चा एक नियम सांगतो की हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावर पाठवायच्या. किती सुंदर नियम आहे हा! मोजायला सोपा आणि फसवायला अवघड, कारण कुणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १४३५ साली ८४ शेतकरी एका मठात जमले आणि त्यांनी आपल्या दोन कालव्यांचे नियम ठरवले. तिथलं पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतं.

हे सगळं १९९०च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकात आहे.

त्या आठ तत्त्वांचं काय? ती पाळली की काम झालं?

नाही, आणि ती तशी वाचलेली त्यांना स्वतःलाही रुचत नसे. शतकानुशतकं टिकलेल्या व्यवस्थांमध्ये कोणता एक नियम सारखा सापडतो, हे त्या शोधत होत्या. असा नियम सापडला नाही. कुठे पाळी, कुठे चिठ्ठ्या, कुठे जमिनीच्या प्रमाणात वाटा. तेव्हा त्यांनी एक पायरी वर जाऊन पाहिलं की या वेगवेगळ्या नियमांच्या मागे सारखं काय आहे. तिथे आठ गोष्टी दिसल्या.

हक्कदार कोण आणि साठ्याची हद्द कुठे, हे स्पष्ट. घेण्याचे आणि देण्याचे नियम तिथल्या परिस्थितीला धरून. ज्यांना नियम लागू त्यांना ते बदलण्यात आवाज. देखरेख. चढत्या क्रमाने दंड. भांडण मिटवायला स्वस्त आणि जवळची जागा. स्वतःचे नियम करण्याचा हक्क सरकारने निदान नाकारू नये. आणि साठा मोठा असेल तर छोट्या गटांवर मोठे गट, अशी उतरंड.

यातली दंडाची गोष्ट फार लोकांना नवी वाटते. बाहेरचा माणूस म्हणेल, नियम मोडला तर जबर शिक्षा करा. टिकलेल्या गावांनी तसं केलं नाही. जपानी खेड्यांमध्ये सामाईक डोंगरावर पहारेकरी फिरत. चुकणाऱ्याकडून ते रोख पैसे किंवा तांदळाची दारू वसूल करत. एका प्रसंगी भाजीच्या वेलांना आधार द्यायला लोकांना बांबू-काठ्या तातडीने हव्या होत्या आणि डोंगर खुला होण्याचा दिवस यायचा होता. मंडळी आत शिरली. त्यांची अडचण खरी होती, म्हणून नेहमीचा दंड न घेता गावच्या शाळेला थोडी देणगी द्यायला सांगितलं गेलं. पहिली चूक अडचणीतून झालेली असू शकते. तिला कठोर शिक्षा केली तर माणूस नियमावरच रुसतो. सौम्य दंडाने त्याला कळतं की आपल्याला पाहिलं गेलं, आणि इतरांनाही पाहिलं जातं.

२०१०मध्ये ९१ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात या तत्त्वांना बऱ्यापैकी आधार मिळाला, आणि काही तत्त्वं आणखी फोडून मांडावीत अशी सूचनाही आली.

एखादं असं उदाहरण द्या की जे सहज डोळ्यांसमोर येईल.

तुर्कस्तानच्या अलान्या इथले मच्छीमार. चांगल्या जागेवरून भांडणं, मारामाऱ्या व्हायच्या. १९७०च्या सुमारास तिथल्या सहकारी संस्थेने प्रयोग सुरू केला. मासे लागणाऱ्या सगळ्या जागांची यादी केली, एका जागेचं जाळं दुसरीच्या आड येणार नाही इतकं अंतर ठेवून. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा. मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरकायचा, जानेवारीनंतर पश्चिमेला. माशांचे थवे फिरतात, त्यामुळे सगळ्यांना सारखी संधी.

देखरेखीला वेगळा माणूस लागलाच नाही. ज्या दिवशी तुमची पाळी उत्तम जागेवर, त्या दिवशी तुम्ही पहाटेच तिथे हजर असणार. दुसरा कुणी घुसला तर तुम्हीच त्याला अडवणार, आणि बाकीचे तुमच्या बाजूने उभे राहणार, कारण उद्या त्यांचीही पाळी आहे. कोणत्याही मंत्रालयातल्या टेबलावर बसून हा नियम सुचला नसता. तो बसायला सुमारे दहा वर्षं लागली.

त्याच देशात बोद्रुमला मात्र मच्छीमारी कोलमडली. मोठी जहाजं, छोटे मच्छीमार, हौशी मासेमार आणि पर्यटन यांचे हितसंबंध इतके वेगळे होते की सगळ्यांना मान्य होईल असा नियम बसलाच नाही.

नेपाळच्या कालव्यांचा अभ्यास इतका गाजला का?

त्यातला निष्कर्ष अभियंत्यांना आणि अनुदान देणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारा होता. नेपाळमध्ये शेतकऱ्यांनी चालवलेले दगडमातीचे, झाडाच्या फांद्यांचे बंधारे असलेले कालवे आणि सरकारी खात्याने बांधलेले पक्के कालवे यांची तुलना केली गेली. शेतकऱ्यांच्या कालव्यांवर पीक जास्त येत होतं आणि शेपटाकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतांना पाणीही बऱ्यापैकी पोहोचत होतं.

कारण बंधाऱ्याच्या कच्चेपणातच होतं. दर पावसाळ्यात तो वाहून जायचा. पुन्हा बांधायला मुखाकडच्या शेतकऱ्यांना शेपटाकडच्यांचे हात लागत. हात हवेत म्हणून त्यांना पाणी द्यावं लागे. पक्का बंधारा आला आणि ही गरज संपली. मुखाकडच्यांना आता कुणाची मनधरणी करायला नको, म्हणून शेपटाला पाणी मिळेना.

बांधकाम सुधारलं, पण ज्या व्यवहारावर वाटप उभं होतं तो मोडला. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण जवळ ठेवावं असं मला मनापासून वाटतं. सिमेंट नको असा याचा अर्थ नाही. बांधण्याआधी तिथे कोण कुणावर अवलंबून आहे, हे विचारलं पाहिजे.

त्यांची संशोधनाची पद्धत कोणती?

एकच नव्हती. क्षेत्रकार्य, मुलाखती, जुनी कागदपत्रं, आकडेवारी, गेम थिअरी, प्रयोगशाळा, आणि जंगलांसाठी उपग्रह चित्रंसुद्धा.

रॉय गार्डनर आणि जेम्स वॉकर या अर्थशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. सहभागी एका काल्पनिक सामाईक साठ्यातून उचल करतात आणि त्याप्रमाणे त्यांना खरे पैसे मिळतात. कुणाशी बोलायला मनाई असेल तर साठा ओरबाडला जातो, अगदी सिद्धांत सांगतो तसा. समोरासमोर बोलायची मुभा दिली की, शब्द पाळण्याची कोणतीही सक्ती नसतानाही, उचल खूपच शहाणपणाने होते. दंड लावायचा की नाही आणि किती, हे गटाने स्वतः ठरवलं तर आणखी चांगलं. नुसत्या बोलण्याने काही बदलू नये असं सिद्धांत म्हणत होता.

१९९२मध्ये त्यांनी अनेक देशांतल्या जंगलांचा एकाच पद्धतीने, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अभ्यास करणारा प्रकल्प उभारला. जंगल सरकारचं, गावाचं की खासगी, यापेक्षा ते वापरणारे स्वतः देखरेख करतात का, हे जंगलाच्या प्रकृतीसाठी जास्त महत्त्वाचं ठरतं, असं त्यातून पुढे आलं.

‘चिवट प्रश्नां’शी त्यांचं काम कसं जोडायचं?

होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३मध्ये ‘विकेड प्रॉब्लेम्स’ ही कल्पना मांडली. ज्यांची व्याख्याच वादात आहे, ज्यांचं उत्तर बरोबर की चूक असं ठरत नाही, आणि एकदा हात घातला की मागे येता येत नाही, असे प्रश्न. मी त्यांना चिवट प्रश्न म्हणतो. शासनव्यवहाराचे बहुतेक अभ्यासक आज यांच्याशी झुंजतात.

ऑस्ट्रॉमबाईंचं उत्तर रामबाण उपायांविरुद्ध होतं. सगळं सरकारकडे द्या, सगळं बाजारावर सोडा, सगळं गावाकडे सोपवा, ही तिन्ही वाक्यं त्यांना सारखीच घातक वाटत. हो, तिसरंही. अनेकांना त्या फक्त ‘गावाच्या बाजूच्या’ वाटतात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं.

मग अभ्यास करायचा कसा? त्यांनी दोन चौकटी दिल्या. पहिली संस्थात्मक विश्लेषणाची: निर्णयाच्या जागी कोण आहेत, त्यांना काय करता येतं, काय माहीत आहे, कोणाला काय मिळतं, आणि हे सगळं कोणते नियम ठरवतात. दुसरी, २००७ ते २००९च्या लेखांतून मांडलेली, निसर्ग आणि समाज यांना एकाच व्यवस्थेत पाहणारी. डॉक्टर रोग्याला तपासल्याशिवाय औषध देत नाही, तसं इथेही आधी निदान.

त्यांची ‘वर्कशॉप’ म्हणजे काय?

१९७३मध्ये ऑस्ट्रॉम दांपत्याने इंडियाना विद्यापीठात राज्यविषयक सिद्धांत आणि धोरणविश्लेषणासाठी एक केंद्र काढलं आणि त्याला ‘वर्कशॉप’ असं नाव दिलं. नाव सुतारकामावरून. विन्सेंट आणि एलिनॉर यांना लाकडी फर्निचर करायचा नाद होता. एका सुताराबरोबर काम करताना त्यांना उमगलं की कारागिरी शेजारी उभं राहून शिकली जाते. संशोधनातही कच्चा मसुदा सर्वांसमोर ठेवायचा, विद्यार्थ्याने प्राध्यापकाला अडवायचं, अर्थशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि वनशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसायचे. जगभरच्या अभ्यासकांनी तिथे वर्ष-दोन वर्षं काढली. बाईंना सगळे ‘लिन’ म्हणत. आज ते केंद्र ऑस्ट्रॉम वर्कशॉप म्हणून ओळखलं जातं.

राज्यशास्त्रज्ञाला अर्थशास्त्राचं नोबेल कसं?

त्या पहिल्या नव्हेत. १९७८चे मानकरी हर्बर्ट सायमन यांची पीएच.डी.सुद्धा राज्यशास्त्रातली. २००९चा पुरस्कार ऑस्ट्रॉमबाईंना ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह मिळाला. त्या दिवशी कित्येक अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. राज्यशास्त्रात तसं नव्हतं. १९९६-९७मध्ये त्या अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष होत्या आणि १९९९मध्ये त्यांना राज्यशास्त्रातला योहान स्किट पुरस्कार मिळाला होता.

नोबेलच्या रकमेतला आपला वाटा त्यांनी वर्कशॉपला दिला. दुसरी महिला, एस्थर डुफ्लो, यायला २०१९ उजाडलं.

हवामानबदलासारख्या जागतिक प्रश्नाला हे लागू पडतं का?

२००९मध्ये जागतिक बँकेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं की जागतिक करार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. घर, शहर, राज्य, देश, प्रत्येक पातळीवर उत्सर्जन घटवण्याचे स्थानिक फायदेही असतात: स्वच्छ हवा, कमी वीजबिल. अनेक केंद्रांनी प्रयोग केले तर कुठे काय जमतं ते कळतं. जागतिक करार अनावश्यक आहे असं त्यांनी म्हटलं नाही. एका ठिकाणी बंधन आलं की उद्योग दुसरीकडे सरकतो, फुकटे मोकळे सुटतात, या अडचणी त्यांनी स्वतःच त्या निबंधात नोंदवल्या आहेत.

माझं मत असं की त्यांच्या कामाचा हा भाग सर्वांत अपुरा आहे. टोर्बेलमध्ये शेजाऱ्याच्या गाई दिसतात. जागतिक हवेत तसं काही दिसत नाही.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

सर्वांत वजनदार टीका सत्तेबद्दलची आहे. गाव मिळून नियम करतं तेव्हा ‘गाव’ म्हणजे कोण? भूमिहीनांना, महिलांना, खालच्या थरातल्यांना त्या बैठकीत बोलता येतं का? टिकाऊ व्यवस्था अन्याय्यही असू शकते. त्यांच्या चौकटीत हे प्रश्न विचारायला जागा आहे, पण त्यांनी स्वतः तिथे पुरेसा मुक्काम केला नाही, हे टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. दुसरी टीका आकाराची: त्यांची गाजलेली उदाहरणं लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समूहांची आहेत. वेस्ट बेसिन हा त्याला काहीसा अपवाद.

त्या भारतात आल्या होत्या का?

हो. जानेवारी २०११मध्ये सामाईक संसाधनांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादला भरली, तेव्हा त्या आल्या होत्या. ती संघटना १९८९ची, आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच.

शेवटपर्यंत त्या काम करत होत्या का?

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १२ जून २०१२ रोजी त्यांचं ब्लूमिंग्टनमध्ये निधन झालं. रिओतल्या पृथ्वी परिषदेच्या तोंडावर, एकाच जागतिक करारावर भिस्त ठेवू नका असं सांगणारा त्यांचा लेख त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. विन्सेंट त्यांच्यामागे १७ दिवसांनी, २९ जूनला गेले.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

८ डिसेंबर २००९चं नोबेल व्याख्यान आधी वाचा. त्यात पाण्यापासून पोलिसांपर्यंत आणि जंगलांपर्यंतची सगळी वाट त्यांनी स्वतः सांगितली आहे. मग ‘गव्हर्निंग द कॉमन्स’चं तिसरं प्रकरण, जिथे टोर्बेल, जपानी खेडी आणि व्हॅलेन्सिया भेटतात. चौथं प्रकरण कॅलिफोर्नियाच्या भूजलाचं. घाईत असाल तरी पाचवं सोडू नका. बोद्रुम तिथे आहे, आणि इतर ठिकाणच्या फसलेल्या व्यवस्थाही. सिंचन किंवा जंगलावर स्वतः काम करणार असाल तर मी म्हणेन, पाचव्यापासूनच सुरुवात करा.